कोरी बाटली

लॅबवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा तिच्या हातात पाण्याचा पेला होता. एक घोट पोटात गेला होता, दुसरा तोंडात होता. "पाच नंबरमध्ये आलंय गं," बाई म्हणाल्या, घरातला साबण संपलाय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात. "कच्चे आकडे आहेत, सही व्हायचीय अजून. पण बेंझिन आहे. थोडंच आहे, पण आहे." पाच नंबर म्हणजे वडिलांच्या घरामागची विहीर, आणि पेल्यातलं पाणी त्याच विहिरीचं. तोंडातला घोट गिळावा की थुंकावा हे तिला कळेना. वडील समोरच बसले होते, चष्म्याची काडी घट्ट करत. तिनं घोट गिळला, "बरं" म्हणाली, फोन ठेवला. कोणाचा फोन, असं वडिलांनी न बघता विचारलं आणि ऑफिसचा, असं तिनं न बघता सांगितलं. मग उरलेलं पाणी तिनं मोरीत ओतलं. एवढं साधं काम आपण चोरासारखं का करतोय असं वाटून तिनं उगाचच पेला विसळला, तोही त्याच विहिरीच्या पाण्यानं. काडी घट्ट करणारे हात थांबले होते, हे तिला पाठमोरी असूनही समजलं.

गल्लीच्या तोंडाशी जो पेट्रोल पंप होता, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. टाक्या उकरून नेल्या, मशिनं नेली, वरचं छप्पर तेवढं राहिलं, खाली कुणी नसताना सावली धरून. आता नगरपालिकेला तिथं मुलांसाठी बाग करायची होती, आणि त्याआधी जमिनीच्या पोटात काय दडलंय ते बघायला हवं होतं. ते बघणं हाच तिचा धंदा. कंपनी म्हणजे साहेब, ती आणि भाड्यानं बोलावलेला मशीनवाला. आवारात चार भोकं पाडायची, मातीचे नमुने काढायचे, भोकांत नळ्या बसवून खालचं पाणी उपसायचं, बाटल्या भरून बर्फाच्या पेटीतून लॅबला पाठवायच्या. शिवाय जवळात जवळची विहीर तपासायची, आणि ती नेमकी निघाली तिच्या वडिलांची. हे तिनं साहेबांना आधीच सांगून टाकलं होतं. "तुझं घर आहे म्हणून विहीर सोडायची नाही," साहेब म्हणाले होते, "आणि तुझं घर आहे म्हणून धरायचीही नाही." वडिलांनी याच पंपावर उभा जन्म काढला, गाड्यांत पेट्रोल भरलं, हेही तिनं सांगितलं. आई कशानं गेली ते मात्र सांगितलं नाही. त्याचा कामाशी संबंध नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. तेवढे दिवस ती वडिलांकडेच राहायला आली होती, आणि तिचं सगळं सामान, नळ्या, दोऱ्या, पेटी, मागच्या पडवीत पडलेलं असायचं.

आई रक्ताच्या आजारानं गेली. ती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. हे का होतं ते कुणालाच ठाऊक नसतं, नशीब म्हणायचं, असं डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं होतं, आणि वडिलांनी मान डोलावली होती, गिऱ्हाईकानं पैसे बरोबर दिल्यावर डोलवायचे तशी. पुढं कॉलेजात एका जाडजूड पुस्तकात तिला एक पान भेटलं. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. टाकी गळली तर ते मातीतून झिरपतं, पाण्यात विरघळतं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर रक्त नासवू शकतं. पान वाचून तिनं पुस्तक मिटलं, कँटीनमध्ये गेली, मैत्रिणींबरोबर हसलीसुद्धा. नंतर हा विषय कसा काय घेतलास असं कुणी विचारलं की ती म्हणायची, दुसरीकडे कुठं प्रवेश मिळाला नाही म्हणून. इतक्यांदा म्हटलं होतं की तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं. गावोगावच्या बंद पंपांची पोटं तिनं उकरली, परक्यांच्या विहिरींत दोऱ्या सोडल्या, आणि या एका विहिरीत मात्र हे काम येईतो कधी सोडली नाही. सुट्टीत यायची, विहिरीचं पाणी प्यायची, जायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आईच म्हणाली असती. वळसा घालण्यात किती बरं वाटतं हे मात्र आईला सांगता आलं नसतं.

लहानपणी संध्याकाळ म्हणजे विहिरीजवळची पायरी. वडील कामावरून घरात शिरायचे नाहीत, बाहेरून वळसा घालून मागं यायचे. आई पोहऱ्यानं पाणी ओतायची, वडील साबण लावायचे, मग माती चोळायचे, मग पुन्हा साबण. नखांच्या कडांना अगदी रक्त येईतो. मग दोन्ही हात आईच्या नाकाशी धरून विचारायचे, "येतो का वास?" आणि आई म्हणायची, "नाही." धादांत खोटं. वास यायचा. गोडसर, नाकात झिणझिणणारा, आणि तिला तर तो जिवापाड आवडायचा, कारण तो आला म्हणजे वडील आले. एकदा ती पायरीवरून ओरडली होती, येतो की, येतो! तेव्हा आईनं तिला असा चिमटा काढला होता की दंडावर निळं उठलं. पंपावरची माणसं तिला 'पाव लिटर' म्हणायची, अंगापिंडानं तेवढीच होती म्हणून, आणि वडील त्या रात्री जेवताना म्हणाले होते, पाव लिटरला नाक मात्र पाच लिटरचं दिलंय देवानं. सगळे हसले. वडिलांचं स्वतःचं नाक केव्हाच गेलं होतं. इतकी वर्षं त्या वासात उभं राहून त्यांना दूध करपलेलंही कळायचं नाही. म्हणूनच विचारावं लागायचं. आई गेल्यावर हात धुणं चालू राहिलं, विचारणं बंद झालं. तिनं आपण होऊन सांगायला हवं होतं का, नाही येत म्हणून? त्या वेळी तिला ते सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी खोटं बोलायला आईइतकं धाडस लागतं.

फोननंतर तिला घरात बसवेना. पंपाच्या आवारात मशीनवाला सळया गाडीत भरत होता. विहिरीत आलंय, असं तिनं त्याला सांगितलं. कुणाच्या विहिरीत ते सांगितलं नाही, पण त्याला माहीत होतं आणि त्यानं मान खाली घातली. पाणी तर उलट्या बाजूला उतरतंय की, तो म्हणाला, पातळ्या आपणच मोजल्या. हे खरं होतं. चारही नळ्यांतल्या पातळ्या मोजून तिनं चित्र काढलं होतं, आणि जमिनीखालचं पाणी घरांपासून लांब, रस्त्यापलीकडच्या ओढ्याकडे उतरत होतं. तिसऱ्या टाकीच्या जागेची माती काळपट निघाली होती, वास मारत होती, पण तिथलं जे काही होतं ते ओढ्याच्या वाटेनं जायला हवं, विहिरीच्या नव्हे. ते चित्र पुरं झालं तेव्हा तिला आतून हलकं हलकं वाटलं होतं, आणि का वाटलं ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. आता ती तेच चित्र उलटं करून बघू लागली. विहिरीवर मोटर बसवली होती, ती पाणी ओढते. भर उन्हाळ्यात शेजारीपाजारीही इथूनच भरायचे. तेव्हा उतार फिरला असेल. पंप जोरात चालत होता तेव्हा टाकी जास्त गळत असेल. मन एकदा वकिली करायला लागलं की त्याला दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आई त्या पाण्यानं हात धुवायची, डाळ शिजवायची, औषधाच्या गोळ्यासुद्धा त्याच पाण्याबरोबर घ्यायची. शेवटी शेवटी डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हटलं होतं आणि उशाशी तांब्या भरून ठेवायचं काम तिच्याकडे होतं. तांब्या तिनं भरला होता, रोज. छपराच्या सावलीत ती एका उलट्या बादलीवर बसली आणि तिला जाणवलं की आपल्याला रडू येत नाहीये, फक्त तहान लागलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा वडील पडवीत फतकल मारून बसले होते. समोर नवाकोरा मोठा जार, तोटीवाला. उजाडल्याबरोबर बाजारात जाऊन आणला असावा. तिनं काल पाणी ओतून दिलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यावर एक अक्षर बोलले नव्हते, जार आणला होता. नळाचं पाणी यात भरून ठेवतो, ते म्हणाले, तुम्हा हल्लीच्या लोकांना विहिरीचं सोसत नाही. जारवर कंपनीचं भलंमोठं लेबल होतं आणि ते निम्मंच निघालं होतं. वडील फडक्यानं उरलेला गोंद पुसत होते. शेजारी एक बुटकी काचेची बाटली होती. बाटलीतलं पिवळसर पाणी तिनं आधी पाहिलं आणि वास तिला मग आला, गोडसर, पायरीवरचा.

"हे पेट्रोल आहे?"

"मग काय. नुसत्या पाण्यानं निघतंय होय? पेट्रोलनं कसं, एका हातात निघतं." वडिलांना पुसायचं काहीही असलं, ग्रीस, शाई, दरवाजाचा जुना रंग, तर ते पेट्रोलनंच पुसायचे. पंपावरच्या सगळ्यांचंच तसं होतं. हात मळले तर पेट्रोल, शर्ट मळला तर पेट्रोल. फडकं पिळत ते पुढं म्हणाले, "तुझ्या पेटीचंही असंच काढलं की. आतून केवढा गोंद बसला होता, जुन्या चिठ्ठ्यांचा. कामावर न्यायची वस्तू, जरा चकचकीत नको?"

ती दाराला टेकली. पेटी चकचकीत होती खरी. नमुने घेतले त्या सकाळी आवारात पेटी उघडताना तिला वाटलंही होतं, ही इतकी स्वच्छ कधी होती? पण तेव्हा मशीन चालू होतं, तिसऱ्या टाकीची माती वर येत होती, आणि त्या वासात एकदा नाक बुडालं की अर्ध्या तासात ते काही सांगेनासं होतं. पाच लिटरचं नाक. आतून पेट्रोलनं पुसलेली पेटी, झाकण घट्ट, रात्रभर बंद, आणि तिच्यात पाण्याच्या बाटल्या. वाफ झाकणाच्या रबरातूनही आत शिरते, हे नवशिक्यालाही पढवतात. नमुने घेणाऱ्यानं त्या सकाळी स्वतःच्या गाडीत पेट्रोलसुद्धा भरू नये, असा दंडक आहे. तो ती नाकानं कांदे सोलल्यासारखी पाळायची, सगळे हसायचे तरी. तिनं गाडीत भरलं नव्हतं. पण घरी वडिलांनी पेटीच पेट्रोलनं पुसून ठेवली होती. आशा अशी एकदम धावून आली की तिला तिचाच संशय आला. आपल्याला हे हवंय म्हणून आपण हे मानतोय. पण हे तपासता येण्यासारखं होतं, आणि त्यासाठीच ती बाटली होती.

प्रत्येक पेटीत एक कोरी बाटली असते. लॅबमध्येच शुद्ध पाण्यानं भरून सील केलेली. ती बाकीच्या बाटल्यांबरोबर जागेवर जाते, त्यांच्याबरोबर परत येते, मध्ये कुणी तिला उघडत नाही. काहीच न करणं हे तिचं काम. तिच्यात काही सापडलं, तर ते जमिनीतून आलेलं नसतं, वाटेत कुठंतरी पाणी मुरलेलं असतं. तिनं लॅबवाल्या बाईंना फोन लावला. कोरी बाटली मशीनला लावली का? शेवटी लावते गं मी ती, बाई म्हणाल्या, सगळ्यांचं झाल्यावर. आत्ता लावा, ती म्हणाली, आणि आवाज चढल्याचं तिला स्वतःलाच ऐकू आलं. बाईंनी कारण विचारलं नाही. दुपारपर्यंत ती पडवीत बसून राहिली. वडील दोनदा चहा घेऊन आले, आणि दोन्ही वेळा काय झालंय ते न विचारता गेले. बाटली आणि फडकं त्यांनी उचलून कुठंतरी दूर नेऊन ठेवलं होतं. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना समजलं होतं आणि काय ते समजलं नव्हतं, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या समजण्यानं ते पडवीच्या टोकाला पाहुण्यासारखे उभे होते. तिला वाटलं, आपण दोघं वर्षानुवर्षं असेच उभे आहोत.

"अगं, कोऱ्या बाटलीत आलंय," बाई म्हणाल्या. "विहिरीइतकंच. हा सगळा लॉट बाद. पुन्हा घ्यावा लागेल तुला."

तिनं फोन ठेवला आणि वडिलांना जवळ बसवून सांगितलं. पेटी, वाफ, रबर, कोरी बाटली. तिला वाटलं होतं ते हसतील, किंवा ओशाळतील. ते ऐकत राहिले, आणि सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे विहिरीत नाही?"

होय म्हणणं किती सोपं होतं. आईनं म्हटलं असतं.

"म्हणजे अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पुन्हा बघायला लागेल."

वडिलांनी आपल्या हातांकडे बघितलं. "तुझी आई हेच पाणी प्यायली," ते म्हणाले. "पंपावर मागच्या खोलीत एक पाटी होती, धोक्याची. काय काय होतं त्याची. त्यात रक्ताचं लिहिलं होतं. मला वाचता येतं, पाव लिटर."

त्यांनी आवाज चढवला नाही. तिला एकदम ते पान आठवलं, मिटलेलं पुस्तक, कँटीन, हसणं. तिनं पान मिटलं होतं आणि यांनी पाटी. एकाच घरात राहून दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला जपतोय. तिला रडू आलं. वडिलांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. हाताला पेट्रोल लागलं होतं, म्हणून.

साहेबांना सांगणं तिनं विचार केला होता त्याहून सोपं गेलं. ते आधी खो-खो हसले, मग खर्च कंपनीच्या डोक्यावर पडणार हे लक्षात येऊन हसायचे थांबले. एका गावात आपण स्वतःच हातमोजे घालून गाडीत पेट्रोल भरलं आणि त्याच हातमोज्यांनी अख्ख्या गावाची विहीर बंद पाडली होती, असं त्यांनी सांगितलं. या धंद्यात प्रत्येकाची एक पेटी असते, ते म्हणाले. आईचंही तिनं या वेळी सांगून टाकलं, एका दमात. मग बाटल्या तू भर, पण मशीनवाल्याला शेजारी उभा कर, ते म्हणाले, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

नवीन पेटी आली. ती पडवीत नाही, ऑफिसात ठेवली. पुन्हा नळ्या उपसल्या, पुन्हा बाटल्या भरल्या, आणि सगळ्यात आधी विहीर, आवारातल्या मातीला हात लागायच्या आत. मशीनवाला कडेला उभा राहिला, दुधानं तोंड पोळल्यासारखे सगळेच ताक फुंकून पिणार आता, असं पुटपुटत. वडीलही आले होते, पण लांब, पायरीवर, हात मागं बांधून, पाण्यावर आपली सावलीही पडू नये अशा बेतानं. तिनं दोरी सोडली. आजवर किती विहिरींत सोडली असेल, पण ही दोरी हातातून सरताना तिला वाटलं की खाली कुणीतरी दुसरं टोक धरेल. नळी भरून वर आली. पाणी स्वच्छ होतं, पण स्वच्छ पाण्याला तिच्या धंद्यात काही किंमत नसते. बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही. तिनं बाटली उलटी करून उजेडात धरली. बुडबुडा नव्हता.

मधले दिवस वडील नळाचं पाणी पीत होते. त्याच जारमधून, ज्याचा वास त्यांना येत नव्हता आणि तिला येत होता. तिनं तो फेकून दिला आणि दुसरा आणला. लेबल दोघांनी मिळून नखांनी काढलं, चहा निवेपर्यंत. काढता काढता वडील आईबद्दल बोलले. आजाराबद्दल नाही, आई कशी चिमटे काढायची त्याबद्दल. "मलाही काढायची," ते म्हणाले. "तुला काय वाटलं, तुलाच?"

बाईंचा फोन आला तेव्हा ती आवारात होती. चार नंबरला, ओढ्याच्या बाजूला, फारसं काही नाही. तिसऱ्या टाकीपाशी आहे, चांगलंच आहे. पण मातीतले जंतू ते खात सुटलेत, खुणा स्पष्ट आहेत, खाली हवा सोडली तर आणखी भराभर खातील. बागेला उशीर होईल, पण बाग होईल. हे सगळं बाई सांगत होत्या आणि ती हं हं म्हणत होती. "आणि पाच?" तिनं विचारलं. पाचमध्ये काही नाही, बाई म्हणाल्या, कोरी बाटली कोरी, पाच नंबरही कोरा. तिचा जीव भांड्यात पडला. तिला आनंदाच्या भरात स्वतःला फसवायचं नव्हतं. आज नाही म्हणजे तेव्हाही नव्हतं असं एका बाटलीवरून म्हणता येत नाही. पण आवारातल्या विहिरीकडच्या भोकाची माती खालपर्यंत स्वच्छ निघाली होती, आणि मुरलेलं पेट्रोल मातीत आपली खूण सोडल्याशिवाय जात नाही. उतार ओढ्याकडे होता. अंगण कोर्ट असतं तर ती शपथेवर म्हणाली असती, या पाण्यानं आई गेली नाही. कशानं गेली ते कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टर तेच म्हणाले होते, फक्त तेव्हा ते उत्तर वाटलं नव्हतं.

घरी ती बाहेरून वळसा घालून मागच्या बाजूनं गेली. वडील विहिरीजवळ होते. फोन यायचाय हे त्यांना माहीत होतं, आणि हातांना साबण होता. तिनं सांगितलं. त्यांनी फक्त एक विचारलं, "आणि कोरी बाटली?" कोरी, ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, पुन्हा साबण लावला, मग माती, मग पुन्हा साबण. तिनं पोहरा सोडला आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतलं, ते म्हणेपर्यंत ओतत राहिली. मग एक पेला भरून पायरीवर ठेवला. वडिलांनी हात झटकले, पुसले नाहीत, आणि तसेच ओले तिच्या चेहऱ्यासमोर धरले.

"येतो का वास?"

तिनं ते हात धरून नाकाशी नेले, घाई न करता, धंद्यातल्या माणसानं तपासावं तसे. साबण होता, ओली माती होती, आणि दुसरं काहीच नव्हतं. तिनं पुन्हा एकदा खोल श्वास घेतला, खात्री करायला, आणि जरा चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.

"नाही," ती म्हणाली. आईनं इतकी वर्षं जे सांगितलं ते आज पहिल्यांदा खरं होतं.

वडिलांनी पेला उचलला आणि ते पाणी प्यायले.